घोड्यांचा उतार

४ मार्च
धावले! म्हणजे कालव्याच्या काठाने, पहिल्या पुलापर्यंत. मग काठावरच बसले. पण डॉक्टरांनी बजावलंय — "किडनी जुळतेय तुमची. आधी वजन उतरवा, रक्तदाब खाली आणा. मगच भावाला देता येईल." दादा डायलिसिसवर, आणि मी पडदे शिवता शिवता गादी होऊन बसलेय!

९ मार्च
थांबायला निमित्त हवं म्हणून जुन्या गोष्टी बघते. पुलाखालच्या दगडाला खोल चऱ्या पडल्यात. पूर्वी घोडे काठावरून नावा ओढायचे, त्यांचे दोर घासून घासून! माझ्या शिलाई मशीनवर दोरा ज्या तारेतून जातो, तिलाही त्याने अशीच चरी पाडलीय. बोट घालून पाहिलं. फार आनंद झाला, का कोण जाणे.

२१ मार्च
रोज संध्याकाळी काय पाहिलं ते सांगायचं, असा दादाचा हुकूम. शाळेत इतिहास शिकवायचा ना! आज सांगितलं — एका जागी काठ कापून पाण्यापर्यंत उतार केलाय, कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम.
उखडलाच. "अर्धवट तू! घोडा पाण्यात पडला तर वर यायला केलाय तो."
वहिनी खूश. "भांडतायत म्हणजे आज बरं आहे ह्यांना."

२ एप्रिल
वजनाचा काटा हलत नाही. दादाचा चेहरा सुजलाय. पाणी आत जातं, बाहेर येत नाही. कालव्याचं पाणी अडवायचा जुना लाकडी दरवाजा कसा बंदच्या बंद बसलाय ते सांगितलं, तर म्हणाला, "माझाच भाऊ." हसले, आणि घरी येऊन रडले. माझ्यामुळे उशीर होतोय.

१६ एप्रिल
पडले! कालव्यात! त्याच दरवाजावर कोरलेलं साल वाचत धावत होते — पाय पुढे, डोळे मागे. गळ्याशी पाणी, गुळगुळीत भिंत, धरायला काही नाही. मग आठवलं — उतार! भिंतीच्या कडेने सरकत गेले आणि फुरफुरत वर आले. गळ टाकून बसलेले आजोबा म्हणतात, "सगळे मासे पळवलेस की गं!"
दादा हसून हसून बेजार. "मला दिवसाला दोनच पेले पाणी, आणि तू कालवा पिऊन आलीस!" मग एकदम म्हणाला, "तुला काही होणार असेल तर नको मला ती किडनी."
म्हटलं, "घोड्यांची सोय होते, माझी नाही होणार?"

११ मे
वजन उतरलं, रक्तदाबही! डॉक्टर म्हणाले, "चालेल." चालेल कसलं, धावेल!

१९ मे
उद्या ऑपरेशन. धावू नका म्हणालेत. चालत जाऊन उताराला हात लावून आले.

२१ मे
वहिनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडत आली — "झाली! ह्यांना लघवी झाली!" बरोबर दादाचा निरोप: "तिला सांग, दरवाजा उघडला." हसले की टाके ओढतात. ओढू देत!