नळी तोंडाने ओढणारे

१२ ऑगस्ट १९५७, सोमवार
शी! आज कॉलेजात रसायनाच्या प्रॅक्टिकलला पुन्हा तेच. इंटरची मुलं पिपेटची काचनळी तोंडात धरून कॉस्टिक सोडा वर ओढतात, जिभेला लागला की सिंकमध्ये थुंकतात आणि त्याच टेबलावर भजी खातात! तोंडाऐवजी पिपेटला लावून ओढायचे रबरी फुगे कपाटात पडून आहेत. मी ओरडले, तर मागून कोणीतरी — "फुगे जत्रेत, बाई!" वर्ग खिदळला.

१४ ऑगस्ट
विभागप्रमुख नानासाहेबांकडे गेले. पानाला चुना लावत होते — प्रयोगशाळेत! "अहो, तीस वर्षं तोंडानेच ओढतोय. मेलो का?" पिंकही त्याच सिंकमध्ये. किळस आली.

२० ऑगस्ट
ज्योतीराम भाजला. रहाटणीहून सायकल हाणत येणारा, गरीब स्वभावाचा मुलगा. नळीचं टोक द्रावणाच्या वर आलं, हवा सपकन आत गेली आणि कॉस्टिक थेट घशात. ओठ पांढरे फटक. रडायलाही आवाज नाही.
त्याला दवाखान्यात नेताच नानासाहेब म्हणाले, "पोराचा निष्काळजीपणा. सूचना दिल्या होत्या, असं लिहून द्या. मार्चमध्ये कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

२१ ऑगस्ट
त्यांना हवं ते लिहून दिलं नाही. उलट प्राचार्यांना अर्ज लिहिला — पान, थुंकणं, भजी, नानासाहेबांचे शब्द, सगळं! अजून दिलेला नाही. घरी वडिलांना, आबांना, वाचून दाखवला. कंपनीची शिफ्ट करून आलेले, त्यांनी कागद घडी करून परत दिला. मग म्हणाले, "घरात तू पहिली ग्रॅज्युएट. नोकरी गेली तर?"

२५ ऑगस्ट, रविवार
घरून, कासारवाडीहून, चालत रहाटणीला गेले. ज्योतीरामची आई सोजराबाई दारातच म्हणाली, "घास उतरत न्हाई वो. निस्तं दूध, तेबी चमच्यानं."
ज्योतीराम उठून बसला. मी विचारलं, "फुगा का नाही लावलास रे?"
त्याने दुधाची वाटी बाजूला ठेवली. मग घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत —
"पहिल्या दिशी तुमीच तोंडानं वढून दावलं, बाई. फुगा गळत व्हता, तुमच्या गाडीची येळ झालती. तुमी म्हनलात, आजच्यापुरतं. पर दावलं ते तेवढंच."
सोजराबाई त्याच्यावर खेकसली, "बाईंस्नी असं बोलत्यात व्हय!"
चहाचा कप तसाच ठेवून मी उठले.

२६ ऑगस्ट
अर्ज दिला. दोष कोणाचा, तिथे पहिलं नाव माझं लिहिलं.