बाबांचे बूट मी नेलेत

दादा,

बाबांचे बूट शोधू नकोस. ते घेऊन मी दुकानात चाललेय. बोंबलू नकोस, आधी वाच.

काल तू म्हणालास, शाळा सोडलेल्या पोरीने मला अक्कल शिकवू नये. नाही शिकवत. पण बुटांच्या दुकानात वर्षभर लोकांच्या पायाशी बसून मला एक कळलंय. न वापरता ठेवलेला बूट वरून नवा दिसतो, पण तळ आतून कुजतो. बाबा गेल्यापासून सहा वर्षं त्यांचे बूट खोक्यातच आहेत. तू पॉलिश करून आंघोळीला गेलास, तेव्हा मी टाचेत अंगठा दाबला. शिळ्या केकसारखा भुगा पडला. आज ऑफिसवाल्यांबरोबर ट्रेकला त्या कड्यावर चढताना अर्ध्यात तळ सुटला असता तर? तोंडावर सांगितलं असतं, तर तू हट्टाने तेच घातले असतेस.

दाराशी नारिंगी बूट ठेवलेत. मालकांना विचारून आणलेत, तुझ्याच मापाचे. भोपळ्यासारखे दिसतात, माहितेय. तुझ्या ऑफिसातल्या 'ती'ला हसू दे. उतरताना घोट्याजवळ घट्ट बांध, नाहीतर बोटं पुढे आपटतील. आणि ती जीन्स काढ. भिजली की दिवसभर वाळत नाही. खुर्चीवरची काळी पँट घाल.

माथ्यावर बाबांसारखा फोटो काढायचा होता ना तुला, त्यांच्याच बुटांत? म्हणून त्यांच्या नाड्या काढून भोपळ्यांत ओवल्यात. त्या अजून पक्क्या आहेत, मी जीव खाऊन ओढून बघितल्यात.

आईला भुग्याचं सांगू नकोस. परत ये, मग काय भांडायचं ते भांडू.