लग्न झालंय का?

सोमवार, ३ फेब्रुवारी

पाणी प्या, लघवी धरून ठेवा, बाहेर बसा. दुपारभर एवढंच. पोट फुटायला आलं तरी आमचा नंबर येईना.

आत गेल्यावर पोटावर गार जेल, त्यावरून फिरणारं यंत्र. गर्भाशयात गाठी आहेत हे कळलं. किती आणि नेमक्या कुठे, ते वरून दिसेना. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "लग्न झालंय का?"

नाही म्हटलं.

"मग आतून नाही करता येणार."

मी सांगितलं, मी सव्वीस वर्षांची आहे, योनीमार्गातून तपासायला माझी काही हरकत नाही. तर ते आईकडे बघायला लागले! आई म्हणाली, नको नको, आतलं काही नको. झालं. माझ्या पोटात काय बघायचं ते त्या दोघांनी ठरवलं.

वाघोलीच्या बसमध्ये एकच जागा मिळाली. आईने मला बसवलं. बसले, तोंड खिडकीकडे वळवून.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पाळीचं रक्त चालूच. क्लासला काळी सलवार. नेमका दहावीला प्रजननाचा धडा शिकवायचा होता. यात लाजण्यासारखं काही नाही, असं मुलींना ठासून सांगितलं — टेबलाला धरून उभी राहून.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ऑपरेशन करणार त्या सुनीती मॅडमना भेटलो. माझं एकच मागणं — गाठी काढा, पिशवी ठेवा. त्या म्हणाल्या, प्रयत्न तोच असेल. पण गाठी भिंतीत आहेत की आतल्या पोकळीत, किती खोल, हे न बघता शिरलं आणि रक्त आवरलं नाही, तर पिशवीच काढायची वेळ येऊ शकते.

"नकाशा नसताना मी अनोळखी गल्लीत शिरत नाही. पुण्यात तर मुळीच नाही."

बऱ्याच दिवसांनी हसले.

म्हणून एमआरआय. जास्त गाठी असल्या की तसाही तोच बरा, म्हणाल्या. आत काही घालत नाहीत ना, हे आईने दोनदा विचारून घेतलं.

घरी येताना तिने बजावलं, बाबांना पोटात गाठ एवढंच सांग, कुठली ते नको. घरातली पहिली पदवीधर म्हणून याच बाबांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. बी.एस्सी. चालते. गर्भाशय हा शब्द चालत नाही!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कानातलं, केसांच्या पिना, सगळं काढून आईकडे दिलं. नळीत हलायचं नाही. रस्ता फोडतात तसला आवाज — आणि त्यात मला झोप लागली! इतकी दमले आहे.

बाहेर आले तर खुर्च्या रिकाम्या, आणि आई खाली फरशीवर, भिंतीला टेकून. माझं कानातलं पदरात, पदर पोटाशी गच्च दाबलेला. काय झालं विचारलं, तर तुझी काळजी, म्हणाली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चार गाठी. तीन भिंतीत, एक बाहेरच्या अंगाला. पोकळीत एकही नाही! मॅडमनी एकेक काळा गोळा स्क्रीनवर बोटाने दाखवला. पिशवी राहील का, विचारलं. शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, पण आता वाट माहीत आहे, म्हणाल्या. आधी गोळ्या घेऊन अंगात रक्त वाढवायचं, मग तारीख.

माझ्यापेक्षा आईच जास्त वाकून बघत होती. कंबर धरते ती यानेच का? पाय भरून येतात ते? मॅडम हो म्हणत गेल्या. माझे पाय कुठे भरून येतात? मला वाटलं, काळजीने काहीही विचारतेय.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी मेथी निवडताना आईने मान वर न करता सांगितलं. तिलाही असंच अंगावरून जातं. मी बारावीला होते तेव्हापासून.

मग म्हणाली, "ते आतून बघायचं यंत्र असतं ना — माझं तर लग्न झालंय. मला नाही म्हणायचे नाहीत ना?"