शुक्रवार, पेन्सिलीने

रवि. ९ नोव्हें., कोरीट
सकाळी मारुतीला दिवा लावला. खडीसाखर-खोबऱ्याच्या प्रसादाची पुडी बांधून घेतली. मंगल म्हणाली, "भलती मोठी पुडी शे, तठे दुकान मांडनं शे का?" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, बायको मला अशीच बोलते. तिची गाठ कळल्यापासून थोडं जास्तच.
मिरचीची तोडणी भावावर टाकली. संध्याकाळची गाडी.
पावसाळ्यात मुंबईला तीन खेपा झाल्या. दर खेपेला एकच तपासणी, की पुढची तारीख घेऊन परत. या वेळी हॉस्पिटलचाच फोन आला. बाहेरगावच्या पेशंटची वेगळी खिडकी झाली आहे, उरलेलं सगळं दोन दिवसांत लावून देतो म्हणाले. पाहू.

सोम. १०, मुंबई
खरंच झालं. खिडकीवरच्या सिस्टरने सगळ्या वेळा एकाच कागदावर लिहून दिल्या. ८ रक्त, ९ छातीचा फोटो, १० हृदयाची पट्टी, १२ मोठा स्कॅन. उद्या ११ सर्जन. वर लाल शाईने आमचा जिल्हा, 'नंदुरबार'. म्हणाली, "हे दिसलं की तुम्हाला कोणी पुढच्या महिन्यात या म्हणणार नाही."
स्कॅनआधी सुई देतात, मग तासभर एकटीने पडून राहायचं. खायचं काही नाही. तिथल्या माणसाने दोनदा बजावलं, पोटात साखर गेली तर जे दिसायला हवं तेच दिसत नाही.
मंगल दारात थबकली. मला आत जाऊ देईनात. पुडी तिच्या हातात दिली. मुठीत धरून ठेव म्हटलं.

मंगळ. ११
सर्जन म्हणाले, गाठ आहे तेवढीच, पसरलेली कुठे नाही. पसरली असती तर कापून उपयोग नव्हता. ऑपरेशन शुक्रवारी. मी हात जोडले, त्यांना की आणखी कोणाला, माझं मला कळलं नाही.
शहाद्याला वैशालीला फोन केला. पोरगी रडायलाच लागली. तिच्या सासऱ्यांनी नारळ फोडला.
धर्मशाळेत येऊन उदबत्ती लावली, पुडी मागितली. मंगल म्हणाली,
"खाई टाकी."
"कव्हय?"
"सुई दिन्ही त्यानंतर. एकलीले भलती भीती वाटी ऱ्हायनी व्हती."
"सगळी?"
"सगळी."
म्हटलं, खायचं नाही असं सांगितलं होतं ना. तर म्हणाली, "मी काय खादं? परसाद शे तो."
कडक उपासालाही आम्ही प्रसाद घेतोच. तो खाण्यात धरत नाही. मी तरी तो मुठीत दिला तेव्हा साखर म्हणून कुठे दिला?

मंगळ., संध्या.
तिचं म्हणणं, कोनलेच सांगू नका. "डाक्टरनी चांगलं सांगं ना? मंग देवनी दिन्हं ते परत कशाले करतस?"
देवाने दिलं की साखरेने झाकलं? सांगितलं तर शुक्रवार जाईल. न सांगता कापलं, आणि आत आणखी कुठे असलंच तर

बुध. १२
खिडकी उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. सिस्टरला सगळं सांगितलं. मान वर होईना. ती रागावली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही सांगायला तरी आलात."
सर्जननी कागद परत चाळले. "बहुतेक फरक पडला नसेल. पण बहुतेकवर मी ऑपरेशन करत नाही." स्कॅन परत.
मी सिस्टरला विचारलं, मग आता गावाहून परत कधी येऊ? तिने लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "कुठे निघालात? उद्या सकाळी सात, पहिला नंबर. तीनला सर्जन. शुक्रवार मी अजून कोणाला दिलेला नाही."
मंगल माझ्याशी बोलत नाही. दिवसभरात एकदाच, "तुमले खरं बोलानी भारी हौस. जीव मन्हा शे."
बरोबर आहे तिचं.
वैशालीला कळवलेलं नाही. नारळ फोडून झाला आहे.

गुरु. १३, सकाळी ७.४०
मंगल आत गेली. दाराशी मी काहीच न देता उभा होतो. तिने मूठ पुढे केली आणि उघडून दाखवली. रिकामी. "देखी ल्या." हसली की काय, कळलं नाही. दार लागलं.
मारुतीकडे आज एवढंच मागितलं, सोमवारी जे दिसलं तेच आज दिसू दे. मागताना वाटलं, हे मंगलसाठी मागतोय की काल मी खरं सांगितलं ते अंगाशी येऊ नये म्हणून?
सिस्टरने नवा कागद दिला आहे. ७ स्कॅन, ३ सर्जन, शाईने. त्याखाली शुक्रवार. तो पेन्सिलीने.