बॅटवाल्याची ट्रॉफी

रविवार, संध्याकाळ. लालबाग.

सायकलच्या रोड रेसमध्ये राष्ट्रीय विजेती झाले म्हणून आज चाळीच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी. ट्रॉफीवर बॅट धरलेला माणूस. सायकलवाली दुकानात नव्हती म्हणे. मग नुसता कप आणायचा ना.

पाहुणे म्हणून आलेले साहेब पेट्रोलच्या भावावर बोलले. सगळ्यांनी हिच्यासारखी सायकल चालवावी, पोटही कमी होतं. लोक हसले. घाटाच्या उतारावर पडून जो खांदा मोडला होता, त्याच खांद्यावर शाल घालताना विचारतात, "सकाळी किती वेळ फिरतेस?" फिरते? मी काय शिवाजी पार्कला चकरा मारते?

शी. अजून डोकं तापलंय.

घरी आल्यावर आईने बॅटवाल्याला शोकेसमध्ये सगळ्यात पुढे ठेवलं. माझं पदक त्याच्या मागे गेलं. म्हणाली, "असू दे गो, प्रेमाने दिलंय."

दिलं असेल. पण खरी किळस मला माझीच येतेय. फोटोच्या वेळी मंडळाची शोभा होऊ नये म्हणून मी हाताने ती बॅट झाकली. आणि छान हसले.