छोट्या फेऱ्यांच्या अर्जासोबत

ता. १० ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय कप्तान,

सप्रेम नमस्कार. तुम्ही ट्रेनिंगवरून पाठवलेला लिफाफा गुरुवारी पोचला. घरी सगळे बरे आहेत. आईंचा गुडघा आता जिना चढू देतो. आपल्या चिमणीचा पुढचा दात पडला, त्यामुळे ती सध्या तोंडावर हात ठेवून हसते. दवाखान्यात माझ्या टेबलासमोरची काच अजून काढलेली नाही. साथ संपली तरी पेशंट त्या काचेच्या भोकातूनच ओरडतात आणि मी केसपेपरवर वय चुकीचं लिहिते. गल्लीत तुमची चौकशी होते. कप्तान कधी निघणार, म्हणून विचारतात. कप्तान जहाजावर खोल्या झाडतो आणि पलंग घालतो, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तुमच्या वरच्या बंकवर झोपणारा गडी ऐकत असतो, आणि त्याच्यासमोर तुम्ही माझ्याशीही प्रवाशांशी बोलता तसं गोड बोलता. त्या आवाजाशी मला भांडता येत नाही. म्हणून लिहिते.

अर्ज वाचला. दीड वर्ष बांधून ठेवलेल्या क्रूझ आता सुटणार म्हटल्यावर कंपनीला एकदम आमची आठवण झाली. घरच्यांचीही सही हवी म्हणे. छोट्या फेऱ्या घेतल्या तर तीन-चार रात्री समुद्रावर आणि दर शुक्रवारी जहाज आपल्याच बंदरात, दुपारभर तुम्ही घरी. लांबची घेतली तर एकशेदहा दिवस तोंड दिसणार नाही. तुम्ही छोट्या फेऱ्यांपुढे पेन्सिलीने हलकीशी खूण करून पाठवलीत. आईंनी ती पाहिली आणि शेजारी सांगूनही आल्या, की मुलगा आता दर शुक्रवारी घरी जेवणार. मी मात्र चार दिवस सही पुढे ढकलली.

आधी वाटलं, तुम्हाला छोट्या फेऱ्या झेपायच्या नाहीत असं लिहावं. तुम्हीच सांगायचात ना, तीन दिवसांचे प्रवासी म्हणजे डोक्याला ताप. अधाशासारखे खातात-पितात, बेसिनमध्ये ओकतात, ओल्या चड्ड्या दिव्यावर वाळत घालतात आणि उतरताना टॉवेल पळवतात. मग त्यांच्या चौदा खोल्या चार तासांत नव्यासारख्या करायच्या. त्यापेक्षा लांबच्या फेरीवरची म्हातारी माणसं बरी, निदान नावाने हाक मारतात. असं दोन पानं लिहिलं आणि परत वाचताना माझी मलाच शिसारी आली. इतका कळवळा मला आलेला नाही. ती पानं फाडली.

खरं सांगते. तुम्ही दर शुक्रवारी घरी यावं, असं मला वाटत नाही.

लगेच फोन करू नका. पुढचं वाचा.

जहाजं थांबली आणि तुम्ही घरी आलात, तो पहिला महिना किती छान गेला. पलंगावर रोज टॉवेलचा काहीतरी प्राणी, कधी हंस, कधी हत्ती. लग्नानंतर पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणी घातलेल्या अंथरुणावर झोपले. मग हळूहळू तुमचं बोट धूळ शोधत फळ्यांवरून फिरायला लागलं. मग न्हाणीघराच्या दारामागे तो कागद आला. अकरा ओळी, प्रत्येकीपुढे सहीची जागा. आरशावर थेंब नाही, सही. नळ पुसला, सही. जोडाक्षरं धड न येणारी पोर नळ पुसून सह्या करत होती. मीही केल्या. माणसाच्या हाताला काम नाही, तेवढाच त्याचा वेळ जातो, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

तुमच्या वाढदिवसाला तिने मोठ्या टॉवेलचा ससा केला होता. सकाळभर दार लावून बसली होती. एक कान उभा, एक पडलेला. तुम्ही छान म्हणालात आणि तो उलगडलात. टॉवेल झटकलात, नव्याने घड्या घातल्यात, दोन्ही कान ताठ केलेत आणि म्हणालात, "हा असा." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. त्या टाळ्यांची मला आजही किळस येते.

तुम्ही कधी हात उगारला नाहीत, आवाज चढवला नाहीत. तक्रार करायला जागाच ठेवली नाहीत. तुम्ही घरभर फवारायचात ती जंतुनाशकाची बाटली तुम्ही ट्रेनिंगला गेल्यावर मी मोरीत ओतली, तरी उशांना तोच वास येतो.

आता कालचं. रोज मी हाक मारायच्या आत चिमणी उठून बसलेली असते. काल मी तिच्या खोलीत लवकर गेले. पलंगावर चादर ताणून बसवलेली, चारही कोपरे दुमडलेले. आणि पोर खाली फरशीवर, दप्तर उशाला घेऊन झोपलेली. उठवून विचारलं, तर म्हणाली, "चादर चुरगळते ना. मी खालीच झोपते." म्हटलं, अगं, बाबा कुठे आहेत इथे? तर म्हणाली, "शुक्रवारी येणारेत ना."

आणि याहून वाईट सांगते. दारातून मला आधी ती दिसली नाही. आधी चादरीचे कोपरे दिसले, आणि मनात आलं, किती सुरेख घातलीय. हे दीड वर्षात माझ्याही अंगात भिनलं. मला तुमची किळस येते असं लिहायला बसले होते, पण हे लिहिताना स्वतःचीच जास्त येते आहे.

पेन्सिलीची खूण मी खोडली आहे. लांबच्या फेरीपुढे शाईने खूण केली आणि खाली सही केली. पुढचं तुमच्या हातात आहे. माझी सही खोडायची असेल तर खोडा, पण मग मला तसं सांगा. आईंना मी संध्याकाळी सांगणार आहे. त्या चार दिवस बोलणार नाहीत, ते मी सोसेन. दारामागचा कागद काढला. हे शेवटचं पान त्याच्याच पाठीवर लिहिते आहे, उलटून पाहा. खालच्या कोपऱ्यातल्या वाकड्या सह्या तिच्या आहेत.

काल दुपारी मी चपला घालून तिच्या पलंगावर चढले आणि उड्या मारल्या. आई धावत आल्या, त्यांना वाटलं मला वेड लागलं. चिमणी दारात उभी राहून बघत होती. ये म्हटलं तर आली नाही. मी उतरल्यावर तिने चादर पुन्हा नीट केली.

एकशेदहा दिवस आहेत. ती आपणहून त्या पलंगावर झोपली, लोळली, चादर पायाने खाली ढकलून दिली, की त्या दिवशी मी तुम्हाला कळवीन. मग छोट्या फेऱ्यांचा अर्ज मागवा. त्यावर मी काही न विचारता सही करीन.

प्रकृतीला जपा. ओल्या फरशीवर अनवाणी फिरू नका.

सध्या तिच्या शेजारी फरशीवर झोपणारी,
तुमची