मँगनीजचा दगड आणि माझे दोन शब्द

बालाघाट, ११ मार्च १९६८
"या जिल्ह्यातल्या विज्ञानशिक्षकांनो, आपल्या सगळ्यांचे दुःख एकच आहे: आपले ऐकून घ्यायला कुणी नाही!" भाषणाची सुरुवात जमली. अप्रतिम. पुढचा मुद्दा: विज्ञान हाताने शिकायचे असते, मग मुलींच्या हातात फक्त लाटणे का? दोन तास सहज बोलता येईल. पाऊण तासात आटोपण्याचा संकल्प.

१४ मार्च
आमच्या कन्याशाळेच्या मोठ्या बाई दुर्गाबाई म्हणाल्या, ९ एप्रिलला शिक्षणाधिकारी येताहेत. मुलींनी एक प्रयोग करून दाखवला तर नववीला विज्ञान मंजूर, नाहीतर गृहविज्ञान. सगळे माझ्यावर आहे. म्हणजे काळजी नाही.

१९ मार्च
आठवीतली अनुसया. बाप चैतराम तिरोडीच्या मँगनीज खाणीत. मुलगी इथे मावशीकडे. तिने खाणीतला काळा दगड कुटून आणला आणि जखम धुवायच्या पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर टाकला. फस्सकन फेस! विझत आलेली अगरबत्ती वर धरली तर भपकन पेटली. ऑक्सिजन! मग मलाच विचारते, "गुरुजी, दगड त तसाच राह्यला. मंग त्यानं केलं काय?" उत्तर तयार होते, पण घंटा होणार होती. वीस मिनिटांनी झालीही.

२ एप्रिल
मुली रोज प्रयोग करतात. मी एकदाच हात लावला, परीक्षानळी फुटली. हल्ली काच हलकी येते. चैतराम भेटून गेला. म्हणाला, "विज्ञान भेटलं त पोरीले ठेवतो गुरुजी. रांधाले शिकाले शाळा काहून पाह्यजे? मंग खाणीवर नेतो." खांद्यावर हात ठेवून म्हटले, निर्धास्त जा. भाषण सतरा पाने.

९ एप्रिल, सकाळी ७
साहेबांना बाटलीतले औषध दाखवायचे? शोभते का? घरून पूजेचे तांब्याचे ताम्हण आणले, चिंचेने घासून लखलखीत. पेरॉक्साइडची सगळी बाटली त्यात ओतली आणि ताम्हण सर्वांना दिसेल असे ओट्यावर उन्हात ठेवले. अनुसया मागे लागली, "बाटलीतच राहू द्या न गुरुजी, झाकण लावून." लहान आहे. ओतल्या ओतल्या बारीक बुडबुडे येऊ लागले. शुभशकुन.

तीच तारीख, दुपार
प्रास्ताविकाचे दोन शब्द एक तास पन्नास मिनिटे चालले. साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिले; वेळ कसा गेला ते त्यांनाही कळेना. मग अनुसयाने भुकटी टाकली. फेस नाही. अगरबत्ती धरली, विझली ती विझलीच. "साहेब, हवा उडून गेली त्यातली," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "बेटी, खाना बनाना तो आता है ना?" सगळे हसले. शिष्टाचार म्हणून मीही. ऐनवेळी मुलींचा धीर सुटतो. या विषयावर वेगळे भाषण होईल.

२९ एप्रिल
हुकूम आला. गृहविज्ञान. पण शेऱ्यात लिहिले आहे, 'विज्ञानशिक्षकांचे वक्तृत्व प्रभावी.' अखेर कुणीतरी ऐकले!

१६ जून
खैरलांजीला भाषण. अनुसयाची गोष्ट सांगितली. प्रयोग साहेबांसमोर यशस्वी झाला असे सांगितले. एकदा झालाच होता. प्रचंड टाळ्या. एका म्हातारीने डोळे पुसले. बिरसा गावाहूनही बोलावणे आले आहे.

७ जुलै, तिरोडी स्टेशन, गाडीची वाट पाहत
खाणमजुरांपुढे भाषण. "तुमच्याच गावची अनुसया आज विज्ञान शिकते आहे!" म्हणालो. टाळ्यांसाठी थांबलो. टाळी नाही. मागे दगड निवडून आलेल्या बायका बसल्या होत्या, कोपरापर्यंत काळे हात. त्यांतून अनुसया उठली. "हौ गुरुजी, हातानंच शिकून राह्यली. चांगला दगड इकडं, बेकार तिकडं." बायका खदखदून हसल्या. मी समजावले, अगं, तुझ्या गोष्टीने गावोगावच्या मुली जाग्या होताहेत. ती पुढे आली. माझ्या भाषणाच्या कागदांवर बोट ठेवले, त्याचा डाग पडला. म्हणाली, "तुमी थ्या दिवशी हासले होते, मी पाह्यलं. काढा पेन. अन् माह्यासमोर, आत्ताच्या आत्ता, माहं नाव खोडा."